सुरू होते, पण टिकत नाही

सकाळी किल्ली फिरवताच सेल्फ लागतो, इंजिन पकड घेते, वडीलधारी मंडळी मागच्या आसनावर स्थिरावतात आणि फाटकापाशी पोहोचेपर्यंत गाडी बंद पडते. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. जुनी पद्मिनी किंवा कार्बोरेटरची मारुती ८०० बाळगणाऱ्या घरांना हा अनुभव नवा नाही. मग कॉइल बदलली जाते, प्लग बदलले जातात, कार्बोरेटर उघडला जातो; बिल वाढते, दोष मात्र तसाच राहतो. शेवटी गाडी भंगारात देण्याची भाषा सुरू होते. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पद्मिनी ही त्याच कंपनीची गाडी. वडिलांनी घेतलेली अशी गाडी दारातून जाताना घर हळहळते, ते केवळ किमतीमुळे नव्हे.

खतावणी जुळत नसेल तर जाणता मुनीम साऱ्या वह्या नव्याने लिहीत नाही. फरक कोणत्या तारखेपासून पडला, ते आधी पाहतो. चांगला मिस्त्रीही बॉनेट उघडण्यापूर्वी एकच विचारतो : "शेठ, बंद पडते ती नेमकी केव्हा?"

किल्ली सोडताक्षणी, दिवा मालवावा तशी गाडी बंद झाली, तर संशय विजेवर घ्यावा. काही जुन्या गाड्यांत सेल्फ मारताना कॉइलला थेट वीज मिळते आणि किल्ली सोडल्यावर ती रेझिस्टरमधून येते. तो तुटला असेल किंवा किल्लीच्या स्विचचा संपर्क झिजला असेल, तर ठिणगी तिथेच थांबते. अशा वेळी कार्बोरेटर कितीही धुतला तरी उपयोग नाही.

अर्धा-एक मिनिट चालून, आचके देत बंद पडणारी गाडी बहुधा पेट्रोलसाठी तहानलेली असते. कार्बोरेटरच्या वाटीत साठलेले पेट्रोल संपते आणि मागून नवे येत नाही. एसी पंपाचा पडदा फाटलेला, फिल्टर तुंबलेला किंवा रबरी नळी हवा ओढणारी असू शकते. चातुर्मासात गाडी महिनोन्महिने उभी राहिली असेल, तर चिकट झालेल्या पेट्रोलाने जेटही बुजतात. जुन्या काळच्या रबरास इथेनॉल मानवत नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर आल्याने जुन्या नळ्या विशेष तपासाव्यात. एक परीक्षा तर फुकटची आहे : टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे. गाडी टिकली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. रेस दिल्यावर चालणारी आणि स्लोवर मरणारी गाडी मात्र वेगळी. तिचा स्लो जेट आणि कार्बोरेटरखालचे पॅकिंग पाहावे.

खानदेशात खरी फसवणूक होते ती उन्हाळ्यात. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला, की इंजिनाला चिकटून बसलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसतेच बुडबुडे ओढतो. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुना उपाय इथे खरोखर लागू पडतो. पण तापल्यावर कॉइल आणि डेल्कोतील कंडेन्सरही दगा देतात, आणि थंड झाल्यावर तेही शहाण्यासारखे वागू लागतात! म्हणून गाडी गरम असतानाच जाणकाराकडून ठिणगी तपासून घ्यावी. ठिणगी असूनही गाडी उठत नसेल, तरच वाफेवर ठपका ठेवावा. थंड झालेल्या गाडीचा तपास म्हणजे पळालेल्या गिऱ्हाइकाकडे उधारी मागणे.

हा तपास उद्यावर ढकलू नये. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांस छेदतात. मालमोटारींच्या रांगेत, लळिंगच्या चढावर अशी गाडी बंद पडणे जिवाशी येते. ज्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे, तिचा ब्रेक इंजिन थांबल्यावर एक-दोनदाच हलका लागतो, पुढे पाय घट्ट दाबावा लागतो. उतारावर बंद पडलेल्या गाडीची किल्ली काढू नये. स्टिअरिंग अडकू शकते. बंद गॅरेजात इंजिन चालवून तपास करू नये; तो धूर विषारी असतो.

गाडी वापरणाऱ्याने आठवडाभर एक चिठ्ठी ठेवावी : इंजिन थंड की गरम, किती मिनिटे चालली, झटक्यात बंद पडली की आचके देत, टाकी किती भरली होती. मिस्त्रीच्या हाती प्रथम ती द्यावी, मग किल्ली.