पाठपोट

जुन्या सिनेमांची पोस्टरे जमवणे हा सभ्य माणसाने चारचौघांत सांगावा असा छंद नव्हे. टपालतिकिटे जमवणाऱ्याकडे लोक कौतुकाने पाहतात, नाणी जमवणाऱ्याकडे आदराने. पण मराठीचा प्राध्यापक मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या नट्यांच्या तसबिरी उलगडताना एखाद्या विद्यार्थ्याला दिसला, की दुसऱ्या दिवशी वर्गात जरा जास्तच शांतता असते!

बचावादाखल मी बाबूराव पेंटरांचे नाव घेतो. कोल्हापूरच्या या कलावंताने १९२४ साली 'कल्याण खजिना'चे पोस्टर केले. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भारतीय चित्रपटाचे पोस्टर ते हेच, असे मानले जाते. 'राजा हरिश्चंद्र' तर १९१३ चा. मग मधल्या अकरा वर्षांतले कागद गेले कुठे? भिंतीवर गेले. खळ लावून चिकटवले, पावसाने भिजले, त्यांवर पुढच्या खेळाचे बसले. पोस्टर छापतात ते टिकावे म्हणून नव्हेच. शुक्रवारी लोकांनी यावे म्हणून.

जी टिकली, ती बहुधा चुकून टिकली. माझ्या संग्रहातले सर्वांत मोलाचे पोस्टर मला चोरबाजारात नव्हे, आमच्याच माळ्यावर सापडले. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, तळाला कागद अंथरला होता. उचलून पाहतो तो 'सांगत्ये ऐका'! अनंत मान्यांचा १९५९ चा तमाशापट. पुण्याच्या विजयानंदला शंभराहून अधिक आठवडे चाललेला. पुढे हंसा वाडकरांनी आपल्या आत्मचरित्राला हेच नाव दिले. आमच्या सोवळ्या आजीने जयश्री गडकरांना ट्रंकेत घेतले होते खरे, पण पालथे घालून.

कागद घड्यांवर विरला होता आणि एका कोपऱ्यावर कसरीने ताव मारला होता. मी तो जुन्या कागदांची डागडुजी करणाऱ्या एका काकांकडे नेला. चिकटपट्टी लावायचा मोह मी टाळला, म्हणून त्यांनी प्रथम माझे अभिनंदन केले. तिचा डिंक कागदात मुरून पिवळा पडतो आणि मग काढता येत नाही. त्यांची रीत निराळी. पोस्टर पाण्यात भिजवून धुवायचे, मागे गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने पातळ जपानी कागद लावायचा आणि त्यामागे ताणलेले कापड. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणजे आपली चूक उद्या दुसऱ्याला दुरुस्त करता येते. छपाईची शाई विरघळते का हे पाहण्यासाठी त्यांनी ओला कापूस कोपऱ्यावर टेकवला. शाई पक्की निघाली.

"पण सर," ते कागद उलटा करीत म्हणाले, "कापड लावले की ही बाजू मिटली."

मागची बाजू कोरी नव्हती. तिथे आजीच्या अक्षरात, दौतीच्या शाईने, दिवाळीची यादी होती. भाजणी, रवा, साखर, वनस्पती तूप. आधी सारे शेरांत, मग ते खोडून किलोंत. १९६२ च्या सुमाराची वजने बदलण्याची ती धांदल समासात गुणाकार करीत बसली होती. मी उत्साहाच्या भरात तोच ओला बोळा 'वेलदोडे' या शब्दावर टेकवला. क्षणात शब्दाचा निळा डाग झाला. पाठचिकित्सेचे धडे देणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने पाठ बुडवला! तो शब्द पेन्सिलीने पुन्हा लिहून ठेव, असे घरी सुचवण्यात आले. मी लिहिला नाही. डाग माझा आहे. अक्षर आजीचे होते.

निर्णयासाठी पोस्टर घरी आणून टेबलावर पसरले. वडील चष्मा लावून यादी वाचू लागले. खालून तिसऱ्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. 'बाळचे बूट' असे लिहिले होते आणि त्यावर एक आडवी रेघ होती. त्याखाली बेरीज.

वडिलांना घरात बाळ म्हणत. त्या बुटांची गोष्ट आम्ही मुलांनी बरेचदा ऐकली होती: शेजारच्या सगळ्यांना नवे बूट आले, आणि आमची आई विसरली. ते ती हसतहसतच सांगत.

या खेपेस ते हसले नाहीत. त्या रेघेवरून एकदा बोट फिरवून म्हणाले, "म्हणजे लिहिले होते तिने."

कापड लावायचे नाही, हे मी त्याच संध्याकाळी काकांना कळवले. भिजवणे तर दूरच. त्यांनी फक्त फाटक्या जागी, अगदी कमी ओली खळ घेऊन, जपानी कागदाच्या पट्ट्या जोडल्या. त्या इतक्या पातळ, की खालचे अक्षर वाचता येते. घड्या मात्र तशाच राहिल्या आहेत आणि एक तर नेमकी जयश्रीबाईंच्या गालावरून जाते. कापड नाही म्हणजे भाव पडला, असे चोरबाजारातल्या जाणकारांचे मत. असेल.

भिंतीवर ते लावता येत नाही. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये कपाटात असते आणि दिवाळीत बाहेर निघते. पाहायला येणारे मोठ्या हौसेने येतात आणि थोडे गोंधळतात. कारण आमच्या घरी ते पालथेच ठेवलेले असते.