केशराला बी नसते



दर दोन-चार वर्षांनी आपल्या जिल्ह्यात बातमी फिरते की जळगावच्या उन्हात केशर पिकले. फोटोत केशरी फुलांची काटेरी बोंडे असतात आणि बातमीमागोमाग ‘अमेरिकन केशरा’चे बी विकणारा दलाल गावात येतो. कापसाला भाव नाही, ज्वारी पावसात काळी पडली, अशा वेळी माणूस आशेने त्याच्याकडे पाहतो. धंदा चालतो तो या आशेवर. म्हणून एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. खऱ्या केशराला बी येतच नाही.

केशराचे झाड वांझ आहे. ते निशिगंधासारखे कंदापासून वाढते. फूल जांभळे असते आणि त्यातले तीन लाल तंतू म्हणजे केशर. काश्मीरमध्ये पांपूरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात ही फुले वेचतात. एक किलो वाळलेल्या केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात, म्हणजे एका ग्रॅमला दीडशे. भाव लाखांत आहे तो या वेचणीमुळे.

मग परसात लावू नये का? हौस म्हणून पाच-दहा कंद कुंडीत जरूर लावा. पण गणित समजून घ्या. कंदात कळी धरायला 23 ते 27 अंश तापमान लागते आणि फूल बाहेर यायला 17 अंशांच्या आसपास गारवा. एरंडोलचा उन्हाळा चाळिशीपार जातो, ऑक्टोबरही तापतो. शिवाय आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचले की कंद सडतो. सगळे जमले तरी पन्नास कंदांतून अर्धा ग्रॅम हाती येईल. शहरात काही जण गार केलेल्या बंद खोलीत केशर घेतात, पण तिथे कंद काश्मीरचे आणि विजेचे बिल मालकाचे. कोरडवाहू शेतकऱ्याचे ते काम नव्हे.

मग बियापासून उगवते ते काय? ती आपली करडई. त्यात अमेरिकेचे काही नाही. आपले आजोबा रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचे पाटे टाकत, म्हणजे गुरे आत शिरत नसत. तिच्या पाकळ्या रंगाला आणि काढ्याला चालतात, पण केशराच्या भावाने त्या कोणी घेणार नाही. दलालाला हे माहीत असते. तो बी विकून कमावतो. पाकळ्या विकायच्या वेळी त्याचा फोन लागत नाही.

करडई लावायची तर करडई म्हणूनच लावा. सोटमूळ खोल जाते, जमिनीतल्या ओलीवर पीक निघते आणि घरच्या तेलाची सोय होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-6’ हा बिनकाट्याचा वाण दिला आहे. पाकळ्या वेचायच्या तर तो बरा.

आता गावागावांतून एवढे करा. पक्के बिल आणि पिशवीवर लेबल असल्याशिवाय बी घेऊ नका. लेबलवर पिकाचे, वाणाचे नाव व उगवणशक्ती पाहा. बिल आणि रिकामी पिशवी जपून ठेवा. फसवणूक झाली तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दिला आहे. ग्राहक आयोगाचे दार आपल्याला उघडे आहे.

पुढच्या बैठकीला येताना अशा बियाण्याची पिशवी कोणाच्या घरी असेल तर घेऊन या. सर्वांसमोर उघडून पाहू.