भंगारात काढण्याआधी एक फोटो

आमच्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीत एक लाकडी कॅमेरा आहे. सागवानी पेटी, पितळी लेन्स, काळा भाता. घाटकोपरच्या एका स्टुडिओवाल्यांनी दुकान बंद करताना तो कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबला देऊन टाकला होता. यंदाच्या स्टॉक-टेकिंगमध्ये त्याच्यापुढे 'निकामी' असा शेरा पडला. म्हणजे पुढचा मुक्काम भंगारवाल्याकडे, किंवा नशीब जोरावर असलंच तर एखाद्या हॉटेलात शोपीस म्हणून!

माझं म्हणणं सरळ आहे. हा कॅमेरा निकामी नाही. त्याला इन्स्टंट फिल्मची बॅक लावा आणि आपल्याच मुलांच्या हातात द्या.

आता तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना ही उठाठेव कशाला? थांबा, आधी ही बॅक म्हणजे काय ते सांगतो. डिजिटल येण्याआधी जाहिरातींचे फोटो काढणारे लोक मोठ्या कॅमेऱ्याच्या मागे पोलरॉइडचा होल्डर लावायचे. आधी एक झटपट फोटो, त्यात लाइट तपासायचा, आणि मग खरी फिल्म. पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. फुजीनेही आपली एफपी-१००सी बंद करत असल्याचं २०१६ मध्ये सांगितलं. जुने होल्डर रिकामेच राहिले. मग २०२० मध्ये लोमोग्राफी कंपनीने चार बाय पाच इंची कॅमेऱ्यांसाठी नवी बॅक काढली. तिच्यात फुजीची इन्स्टॅक्स वाइड फिल्म जाते.

अशी एक बॅक नोकरीला लागलेल्या एका सीनियरकडे होती. ती आठवड्यासाठी मागून आणली आणि खरी मजा तिथून सुरू झाली.

पहिली अडचण, आपला कॅमेरा हाफ प्लेटचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचा. बॅक बसणार कशी? कार्पेंट्री शॉपमध्ये सागाची फळी कापून चौकट केली. दुसरी अडचण, लेन्सला शटरच नाही. टोपी काढायची, मनात सेकंद मोजायचा, टोपी घालायची. इन्स्टॅक्स फिल्म ८०० आयएसओची. भर उन्हात एफ/१६ला तिला सेकंदाचा आठशेवा भाग पुरतो. एवढ्या वेगात टोपी काढून घालणारा वीर आमच्या हॉस्टेलमध्ये तरी नाही! म्हणून ऊन टाळलं आणि संध्याकाळच्या अर्धवट उजेडात, एफ/१६ला एक सेकंद, असं गणित बसवलं.

समोर उभे केले वर्कशॉपचे काका. येत्या महिन्यात ते रिटायर होतायत. मुलुंडहून रोज लोकलने येणारा आणि आपल्यातल्या प्रत्येकाला लेथवर 'बोट सांभाळ रे' म्हणून ओरडलेला हा माणूस. काळ्या कापडाखाली शिरून घासलेल्या काचेवर उलटे काका पाहिले, फोकस केला, टोपी काढली, घातली. बॅकमधून घर्र्‌ करत प्रिंट बाहेर आली. दीडेक मिनिटात चित्र उमटलं आणि आमचे चेहरे उतरले. काका धुरकट! त्यांच्या पुढ्यातलं लेथचं हँडव्हील मात्र लख्ख.

एरवी 'फोटो बिघडला' म्हणून सोडून दिलं असतं. पण ती प्रिंट हातात होती, काका समोर होते, कॅमेरा जागचा हलला नव्हता. जवळची वस्तू स्पष्ट आली याचा अर्थ काय? फिल्म काचेपेक्षा मागे बसतेय. बॅकसोबत फोकस करताना लावायची एक जाड चौकट असते. ती आपल्या फळीवर नीट टेकतच नव्हती. डेप्थ गेज लावला, फळी घासली, पुन्हा फोकस केला. दुसऱ्या प्रिंटमध्ये काकांच्या मिशीचा केस न्‌ केस दिसत होता.

मित्रांनो, मुद्दा इथे आहे. मोबाईल चूक होऊच देत नाही, आणि झाली तर आपली आपण दुरुस्त करून टाकतो. शिकतो कोण? तो! साध्या फिल्मवर चूक कळते, पण धुऊन आल्यावर. तोवर माणूस घरी गेलेला, उजेड बदललेला. इन्स्टंट प्रिंट चूक अशा वेळी दाखवते, की ती अजून सुधारता येते. आपण जर्नलमध्ये 'फीडबॅक' हा शब्द शंभरदा उतरवून काढतो. तो हातात धरून बघायचा असेल तर तो असा दिसतो.

विरोधातले मुद्देही खोटे नाहीत. एक प्रिंट म्हणजे कॅन्टीनची जवळजवळ एक थाळी. चित्र ९९ बाय ६२ मिलिमीटर, म्हणजे हाफ प्लेटच्या एक तृतीयांशाहूनही कमी जागा वापरली जाते. निगेटिव्ह नाही, एकच प्रत. सगळं मान्य. पण थाळीचे पैसे जाणार म्हटल्यावर माणूस टोपी काढण्याआधी दोनदा विचार करतो, हे मोबाईलने कधी शिकवलंय? आणि खर्चाचंच म्हणाल तर फेस्टिव्हलच्या एका फ्लेक्सचे पैसे वाचवले तरी फिल्मची चार पाकिटं येतील.

याच मुंबईत १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता. तेव्हा काच, रसायन आणि लाकडी पेटी एवढ्यावर लोक शिकले. आपल्याकडे वर्कशॉप आहे, लॅब आहे, आणि पेटी तर फुकटात मिळालेली आहे. तीच आपण किलोच्या भावाने विकायची?

म्हणून स्टाफला विनंती: तो 'निकामी' शेरा खोडा. कॅमेरा वर्कशॉपमध्येच राहू द्या, क्लबसाठी एक बॅक घ्या, आणि दरवर्षी रिटायर होणाऱ्या प्रत्येकाचा एक फोटो विद्यार्थ्यांनी काढायचा असा पायंडा पाडा.

काकांनी दुसरी प्रिंट बराच वेळ पाहिली. म्हणाले, "इतक्या वर्षांत कामावरचा माझा फोटो म्हणजे आयकार्डावरचा तेवढा." मग ती शर्टाच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं आणि सहा-बाराची लोकल पकडायला निघाले.

बिघडलेली पहिली प्रिंट माझ्याकडे आहे. हॉस्टेलच्या खोलीत टेबलासमोर चिकटवली आहे. बघायची असेल तर या.