फोम चिकटवण्याआधी आरसा घ्या

गेल्या शनिवारी एका मित्राचे नवे स्पीकर ऐकायला गेलो. दहा बाय बाराची खोली, चारही भिंती काळ्या फोमने मढवलेल्या. "अकॉस्टिक ट्रीटमेंट केलीय!" साहेब अभिमानाने म्हणाले. टाळी वाजवली, तर खोलीने गिळून टाकली. बेस मात्र कोपऱ्यात खुशाल घुमत होता.

हसलो नाही, कारण हाच गाढवपणा मी आधी केलाय. दुकानदार म्हणाला होता, "जितका जास्त फोम, तितका आवाज क्लीन." २४ तुकडे आणून रविवारभर चिकटवले. संध्याकाळी बाबांनी त्यांचा आवडता यमन लावला. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "तंबोऱ्यातला जीव गेला रे," आणि उठून गेले.

बाबांचं बरोबर होतं. गणित बघा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे १०० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर. भिंतीला चिकटवलेला इंचभर फोम तिला काय अडवणार? तो खातो फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी. म्हणजे खर्ज घुमत राहतो आणि जवारी मरते. याला ट्रीटमेंट म्हणायचं?

मग पॅनल नकोतच का? हवेत की! पण प्रश्न 'किती नग' हा नाही, 'कुठे आणि किती जाड' हा आहे. स्पीकरचा आवाज थेट कानावर येतो, आणि बाजूच्या भिंतीवर आपटून, मीटरभर जास्त फिरून, साधारण ३ मिलिसेकंद उशिरा परत येतो. कान हे दोन्ही आवाज एकत्र करतो आणि गायक नेमका कुठे बसलाय ते धूसर होतं. ती जागा शोधायला सॉफ्टवेअर लागत नाही (हे मी सांगतोय!). तुम्ही नेहमीच्या जागी बसा, कुणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे पॅनल. आपतन कोन बरोबर परावर्तन कोन, शाळेतलाच नियम. तीन-चार इंच जाड रॉकवूल, वर कापड, मागे थोडी फट. दोन्ही बाजू झाल्या की थांबा आणि ऐका. बेस घुमतोय? आधी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा. फुकट आहे.

आम्ही फोम खरवडला, तेव्हा भिंतीचा रंगही निघाला. त्यावरून आईची बोलणी अजून चालू आहेत. पण बाबा आता यमन शेवटपर्यंत ऐकतात.

असो. उरलेला फोम हवा असेल तर घेऊन जा. भिंतीला लावायचा नाही, एवढीच अट.