बाटलीवरचा पाठभेद

जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणतात. पण पाळण्यातले मूल तापाने फणफणले की सोने काय कामाचे?

परवा रात्री आमच्या चिरंजीवांना ताप भरला. वय वर्षे चार. मी धावत जाऊन पॅरासिटामॉलची नवी बाटली आणली. नेहमीचे माप ओतता ओतता आमच्या सौभाग्यवती थांबल्या. ‘‘अहो, मागच्या बाटलीवर १२५ होते, हिच्यावर २५० आहेत!’’ नाव तेच, रंगही तोच. पाच मिलिलिटरांतले औषध मात्र दुप्पट. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मुलाचे वजन विचारले आणि माप निम्मे करायला सांगितले. पोथ्यांतले पाठभेद हुडकण्यात माझी उमेदीची वर्षे गेली; घरातला पाठभेद दिसला तो त्यांना!

खजील होऊन मग मी अत्यावश्यक औषधांच्या दोन याद्या शेजारी शेजारी मांडल्या. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी १९७७ ची. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिने २००७ मध्ये वेगळी यादी केली. आपली पहिली राष्ट्रीय यादी १९९६ ची. २०२२ च्या आवृत्तीत ३८४ औषधे आहेत. मुलांची औषधे त्याच एका यादीत, थोरांच्या पंगतीत बसवलेली.

पुष्कळ ठिकाणी दोन्ही पोथ्या जुळतात. जुलाबावरची जलसंजीवनी आणि जस्त दोहोंत आहे. पॅरासिटामॉलपाशी मात्र पाठ फुटतो. जागतिक यादी मुलांच्या पातळ औषधाचे प्रमाण पाच मिलिलिटरांत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असे बांधून देते. आपली यादी परवाना असलेली सगळीच प्रमाणे मान्य करते. यात शहाणपण नाही असे नाही. २०१३ च्या किंमत-नियंत्रण आदेशाने यादीतल्या औषधांच्या किमतीला मर्यादा येते. एखादे प्रमाण यादीबाहेर ठेवले, तर ते त्या मर्यादेतून निसटायचे. खिसा वाचला हे खरे. पण रात्री दोन वाजता झोपाळल्या डोळ्यांनी माप भरणाऱ्या आईची चूक कोण वाचवणार?

याद्या दिल्लीत आणि जिनिव्हात होतात; माप मात्र आपल्या हातात असते. म्हणून यंदा दिवाळीच्या सामानाच्या यादीखाली मी एक ओळ वाढवली आहे. ‘औषध आणले की आधी आकडा वाचणे.’ अक्षर माझे. मजकूर अर्थातच सौभाग्यवतींचा!