कै. सौ. बाया कर्वे

थोर पुरुषाच्या चरित्रांत त्याच्या पत्नीच्या वांट्यास बहुधा एक परिच्छेद येतो. 'संसाराचा सर्व भार त्यांनीं आनंदानें उचलला' एवढें लिहिलें कीं चरित्रकार पुढील प्रकरणास लागतो. तो भार किती मणांचा होता, तो उचलतांना कोठें कळ आली, आणि आनंदानें म्हणजे नेमकें कसें, याची विचारपूस करण्यास त्याला सवड नसते. या महिन्यांत आम्ही ज्या माउलीचें स्मरण करणार आहोंत, तिनें आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगून ठेविली आहे, हें आपलें भाग्य. त्या म्हणजे महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई. घरांत व बाहेर त्यांना सर्व जण बायाच म्हणत.

बायांचें माहेरचें नांव गोदूबाई जोशी. गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील देवरुख. ज्या वयांत मुलगी सागरगोटे खेळते त्या वयांत त्यांचें लग्न झालें, आणि हळदीचा रंग उतरतो न उतरतो तोंच कपाळ पांढरें झालें. त्यापुढची वर्षें सासरच्या घरांत राबण्यांत गेलीं. ज्या घरांत एखादी आलवणांतील आत्याबाई पहांटेपासून चुलीपुढें बसलेली आपल्या आजीनें पाहिली असेल, त्या घरच्या वाचकांस याहून अधिक वर्णन नको.

बायांचे बंधु नरहरपंत हे कर्व्यांचे स्नेही. दोघे मुंबईस एकत्र बिऱ्हाड करून राहात. नरहरपंतांनीं बहिणीस मुंबईस आणलें, आणि पंडिता रमाबाईंनीं 11 मार्च 1889 रोजीं शारदासदन उघडलें तेव्हां त्यांतील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाई दाखल झाल्या. पुढें सदन पुण्यास गेलें, तशा त्याही पुण्यास गेल्या. त्याच सुमारास कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई 1891 सालीं निवर्तल्या होत्या, आणि पुन्हां लग्न करावयाचें तर विधवेशींच, असा त्यांचा निश्चय होता. वडिलांच्या व भावाच्या संमतीनें 11 मार्च 1893 रोजीं हा विवाह पुण्यास झाला. शारदासदनाची व या लग्नाची तारीख एकच पडावी, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

कायद्यानें विधवाविवाहास मोकळीक मिळून तोंवर सदतीस वर्षें लोटलीं होतीं. 1856 चा तो कायदा. पण कायदा कांहीं पंक्तीस पाट मांडीत नाहीं. कर्व्यांच्या मुरुड गांवीं सभा भरली, ठराव झाले, बहिष्कार पडला. मुलासुनेस घरांत घ्यावें तर सासूबाईंचेंही पान पंक्तींतून उठणार. पुरुषास बहिष्कार बाहेर भासतो, सभेंत आणि रस्त्यावर. तेथें त्याला चार मित्र तरी असतात. स्त्रीस तो हळदीकुंकवास बोलावणें न येण्यांत, बारशास व मंगळागौरीस कोणी न विचारण्यांत, पाणवठ्यावर शेजारणीनें घागर अंगाशीं ओढून घेण्यांत दिसतो. ज्या घरांत नवी सून यावयाची आहे त्या घरच्या वडील मंडळींनीं हा प्रसंग क्षणभर आपल्या अंगणांत घडतो आहे असें मनांत आणावें.

एवढ्यावरही भागलें नाहीं. 1896 सालीं कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. पुढें रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं सहा एकर जमीन व झोंपडीसाठीं साडेसातशें रुपये दिले, आणि 1900 सालीं आश्रम हिंगण्यास गेला. कॉलेजचें काम आटोपून कर्वे दररोज चार मैल पायीं तेथें जात. आश्रमाचा हेतु विधवांस शिक्षण देऊन पायांवर उभें करण्याचा. पुनर्विवाहाचा प्रचार त्यांत मिसळला तर एकही बाप आपली मुलगी पाठविणार नाहीं, हें कर्वे ओळखून होते. आश्रमाच्या तीन वर्षें आधीं पुनर्विवाहासाठीं त्यांनींच मंडळ काढलें होतें, तरी या दोन कामांत त्यांनीं भिंत घातली. धोरण शहाणपणाचें होतें यांत शंका नाहीं. परंतु भिंतीच्या पलीकडे कोण राहिलें? पुनर्विवाहित म्हणून आश्रमाच्या कामांत बायांनींच दूर राहावयाचें होतें! त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, वैधव्यांतच राहिलेली, आश्रमाचा आधारस्तंभ झाली, गांवोगांव वर्गणी मागत हिंडली, पुढें 1918 सालीं अमेरिकेसही गेली. एका घरच्या दोन बहिणी. एकीस आश्रमाचें दार उघडें, दुसरीस अर्धें लोटलेलें. बायांस हें लागलें, आणि त्यांनीं तें लपविलें नाहीं. आम्हांस त्यांचा हा निर्भीड सच्चेपणा त्यांच्या सहनशीलतेहूनही मोलाचा वाटतो.

कॉलेजच्या आजीव सभासदाचें वेतन बेताचें, आणि त्यांतलेंही आश्रमाच्या वाटेनें जाणारें. घरीं सावत्र मुलगा रघुनाथ, लग्नाच्या वेळीं अकरा वर्षांचा. मागून शंकर, दिनकर व भास्कर. पति सर्वस्व देण्यास निघाला म्हणजे मुलांच्या दुधाचा हिशेब कोणी तरी मांडावा लागतो. तो बायांनीं मांडला, नवऱ्याशीं भांडून मांडला. आपल्या हातीं कांहीं विद्या असावी म्हणून त्या नागपुरास जाऊन सुइणीचें काम शिकून आल्या. संसार चालू असतां पुण्याहून नागपुरास शिकण्यास जाणारी गृहिणी आजही शेजाऱ्यांच्या चर्चेचा विषय होते. मग त्या काळीं काय बोललें गेलें असेल तें सांगणें नको.

मुलांचें काय झालें? रघुनाथरावांनीं संततिनियमनासाठीं 'समाजस्वास्थ्य' मासिक 1927 पासून चालविलें आणि बापाहून कडक लोकनिंदा सोसली. शंकरराव पूर्व आफ्रिकेंत डॉक्टर झाले. दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक, पुढें फर्ग्युसनचे प्राचार्य. त्यांच्या पत्नी इरावतीबाई मानवशास्त्रांतील मोठें नांव. भास्कररावांनीं हिंगण्याचें काम अंगावर घेतलें. ज्या आश्रमापासून आईस दूर राहावें लागलें, त्याची धुरा मुलानें वाहिली. नातवंडांत जाई निंबकर व गौरी देशपांडे या लेखिका झाल्या. गौरीबाई तर आजी गेली तेव्हां आठ वर्षांच्या होत्या.

आतां त्या पुस्तकाविषयीं. उतारवयांत बाया बोलत गेल्या आणि सूनबाई कावेरीबाई लिहीत गेल्या. 'माझें पुराण' या नांवानें तें 1944 सालीं प्रसिद्ध झालें. नांवांतच बायांचा स्वभाव आहे. म्हातारीनें जुनें सांगावयास घेतलें कीं घरांतलीं तरणीं माणसें 'आलें पुराण!' म्हणून उठूं लागतात. बायांनीं तोच शब्द पुस्तकाच्या माथ्यावर चढविला. सासूनें बोलावें आणि सुनेनें दौत-टांक घेऊन बसावें, हें चित्र आम्हांस एखाद्या मानपत्राहून मोठें वाटतें. आपल्या घरोघरीं अशीं पुराणें माजघरांत सांगितलीं जातात आणि माजघराबरोबर विरून जातात. दुपारीं निवडावयास बसतांना जवळ एक वही ठेवण्यास फारसा खर्च येत नाहीं.

बाया 1950 सालीं गेल्या. महर्षि त्या वेळीं ब्याण्णव वर्षांचे होते. ज्या मुलीचें दर्शन लोकांनीं अशुभ मानलें, ती सत्तावन्न वर्षांचा संसार करून, पति, मुलगे, सुना व नातवंडें मागें ठेवून अहेवपणीं गेली. महर्षींना 'भारतरत्न' मिळालें तें 1958 सालीं. तो सोहळा पाहण्यास बाया नव्हत्या. स्वतः महर्षि 9 नोव्हेंबर 1962 रोजीं, एकशें चार वर्षांचे होऊन निवर्तले. पुढच्याच वर्षीं दिनकररावांचें 'द न्यू ब्राह्मन्स' हें इंग्रजी पुस्तक अमेरिकेंत छापून निघालें. त्यांत त्यांनीं वडिलांच्या आत्मवृत्ताचा भाग भाषांतर करून घातला आहे, आणि त्याच पुस्तकांत आईचें पुराणही.