आधी पोटाला हात लावा

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका.’ जुन्या पोटदुखीने पिचलेल्या माणसाला हे वाक्य दिलासा म्हणून सांगितलं जातं. रिपोर्ट नॉर्मल आणि दुखणं जागच्या जागी, हे घेऊन घरी परतणाऱ्याचे काय हाल होतात ते मी भोगलंय.

माझी कळ बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. फळ्यावर वरची ओळ लिहायला हात उंचावला की यायची, अंथरुणात कूस बदलली की यायची. जेवणाशी, पोट साफ होण्याशी, पाळीशी तिचा काही संबंध नव्हता. तरी पित्ताच्या गोळ्या सुरूच. सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झालं, दुर्बीण वरून घातली, खालूनही घातली. बेंबी सरकली म्हणून सासूबाईंनी पोट चोळून घ्यायला लावलं. एका मोठ्या रुग्णालयात ‘वय आहे, मन रमवा’ म्हणत झोपेची गोळी लिहून दिली. फाइल जाड होत गेली; पोट नीट तपासलं कुणीच नाही. माझा राग आहे तो यावर.

अखेर तालुक्याच्या गावातल्या एका वयस्कर सर्जननी फाइल बाजूला ठेवली. ‘बाई, एका बोटानं जागा दाखवा.’ मी दाखवली. तिथेच बोट दाबून धरत म्हणाले, ‘आता हात छातीवर घ्या आणि नुसती मान उचला.’ मान उचलली आणि मी ओरडलेच.

ही कार्नेट यांची चाचणी. फिलाडेल्फियाच्या या सर्जननी ती 1926 साली मांडली. मान उचलली की पोटाचे स्नायू ताठ होतात आणि आतल्या अवयवांवरचा बोटाचा दाब कमी होतो. दुखणं आतलं असेल तर अशा वेळी कळ सहसा उतरते. तेवढीच राहिली किंवा वाढली तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं. तिथल्या स्नायूतून वर येणारी बारीक नस आवळली गेली की असं होतं, आणि ते सोनोग्राफीत किंवा दुर्बिणीत दिसत नाही. त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिल्यावर मला काही मिनिटांत उतार पडला. निदानावर तेच शिक्कामोर्तब. काहींना इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं, क्वचित शस्त्रक्रियाही.

प्रत्येक पोटदुखी नसेची नसते, हेही बजावून सांगते. वजन घटतंय, बारीक ताप येतोय, शौचातून रक्त जातंय, कावीळ दिसतेय, तर तपासण्या टाळू नका. आपल्याकडे आतड्यांचा क्षयरोग आजही आहे. पाळीबरोबर वाढणारं दुखणं ‘बायकांचं असतंच’ म्हणून सोडू नका. एन्डोमेट्रिऑसिस साध्या सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही.

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. गर्दी असते, वेळ नसतो, मान्य. पण या चाचणीला मिनिटभरही लागत नाही आणि एक रुपयाही लागत नाही. पुढची तपासणी लिहून देण्याआधी रुग्णाला टेबलावर झोपवा आणि पोटाला हात लावा. आणि तुम्ही रुग्ण असाल तर ‘पोट दुखतं’ एवढ्यावर थांबू नका. एका बोटानं जागा दाखवा, कशानं वाढतं ते सांगा, आणि पोट तपासून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.